काशीबाई आणि अकरा कामांचा चाकू

प्रितमने सासूच्या हातात चाकू ठेवला तेव्हा तो मिटलेला होता, त्यामुळे काशीबाईला आधी ती साबणाची वडी वाटली. लाल, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढी. बाजूला पांढऱ्या अक्षरांत ‘शिलेदार’ असं लिहिलेलं. तिने ती नाकाशी नेली, वास आला नाही, तेव्हा जावयाकडे पाहिलं.

२००४ सालचा मार्च महिना होता. प्रितम आणि योगिनी रविवारचे कट्टा गावाहून मालवणला जेवायला आले होते. लग्नाला सहा वर्षं झाली तरी प्रितम सासूसमोर पानावर जरा आखडूनच बसायचा. काय विचारेल ते सांगायचं, वाढेल ते खायचं आणि चारच्या सुमारास स्कूटरला किक मारायची, असा त्याचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र हात धुतल्या धुतल्या तो पडवीत येऊन बसला आणि त्या लाल वडीतून नखाने एकेक पातं उघडून दाखवायला लागला.

प्रितम फिरतीवर माल विकायचा. आधी बॅटरीचे सेल, मग ट्यूबलाइटचे चोक, मग वर्षभर डासांच्या उदबत्त्या. तिन्ही धंदे एकापाठोपाठ एक बसले. उदबत्त्यांचं तर असं झालं की डास त्यांच्यावरच बसतात, असं गिऱ्हाइकं सांगायला लागली. आता त्याला ‘शिलेदार’ कंपनीच्या चाकूंची अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची एजन्सी मिळाली होती. टीव्हीवर त्याची जाहिरात लागायची. एक दाढीवाला माणूस डोंगराच्या कड्याला लटकून दोर कापतो, मग त्याच चाकूने डबा फोडून जेवतो.

कंपनीने पाठ करून घेतलेल्या शुद्ध मराठीत प्रितम सांगत होता. मोठं पातं, छोटं पातं, करवत, कात्री, डबा फोडायचं, बाटली उघडायचं, स्क्रू पिळायचं, कानस, चिमटा, दात कोरायची काडी. दहा कामं झाल्यावर शेवटी एक आकडा बाहेर आला. छोटा, वाकडा, मासा पकडायच्या गळासारखा, पण टोक बोथट.

हे कशासाठी, असं काशीबाईने विचारलं. प्रितमने तो आकडा उगाच दोनदा उघडला, दोनदा मिटला. मग म्हणाला की याचं काम कंपनी पुढच्या मीटिंगला सांगणार आहे.

त्याला सासूकडून काय हवं होतं हे कळायला काशीबाई कोण होती ते सांगायला हवं. चौतीस वर्षं ती मालवणच्या मासळी बाजारात बसत होती. मासे विकायची आणि कापूनही द्यायची. बाजारात कुणीही नवी कोयती घेतली की ती आधी काशीबाईच्या हातात यायची. ती पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची, कोयती दगडावर हलकेच आपटून कान देऊन ऐकायची आणि एकच शब्द बोलायची, ठेव किंवा परत दी. फोंडाघाटच्या गंगाराम लोहाराची एक कोयती तिने दोनदा परत पाठवली होती. तिसऱ्या खेपेला गंगाराम स्वतःच एसटीने कोयती घेऊन आला आणि ती ‘ठेव’ म्हणेपर्यंत बाजारात उभा राहिला.

प्रितम आदल्या आठवड्यात मालवणातल्या चार दुकानांत जाऊन आला होता. पहिल्या दोघांनी नंतर या म्हणून सांगितलं. तिसऱ्याने चाकू उघडला, मिटला आणि सासूला दाखवलास का, असं विचारलं. चौथ्यानेही तेच विचारलं, तेही चाकू न उघडता. तेव्हा प्रितमच्या लक्षात आलं की जिल्ह्याची एजन्सी कंपनीने दिली असली तरी मालवणचा परवाना घरीच घ्यावा लागणार.

काशीबाईने मोठं पातं नखावरून फिरवलं. आपटून बघायला गेली, पण प्लॅस्टिकच्या मुठीने काही आवाज दिला नाही.

“नुसतो बघून माका काय सांगूक येवचा नाय,” ती म्हणाली. “म्हयनोभर वापरतंय. बरो आसलो तर बरो म्हणान सांगतलंय, नसलो तर ता पण सांगतलंय.”

प्रितम खूश झाला. त्याला चाकूबद्दल तिळमात्र शंका नव्हती. याआधीचा माल तो पोटासाठी विकायचा. हा चाकू मात्र त्याला मनापासून आवडला होता. त्याच्या स्वतःच्या खिशात एक असायचा आणि पेरू दिसला की तो भूक नसताना कापून खायचा.

दुसऱ्या दिवशी बाजारात एक गिऱ्हाईक सुरमई घेऊन कापून द्या म्हणालं. काशीबाईने कोयती बाजूला ठेवली आणि कमरेच्या पिशवीतून शिलेदार काढला. आजूबाजूच्या बायका आपापल्या पाट्या सोडून बघायला आल्या. पातं मांसात झकास गेलं. मधल्या काट्यावर आलं आणि अडलं. काशीबाईने जोर दिला तसं ते पातं मागच्या मागे मिटायला लागलं. चौतीस वर्षांचा हात होता म्हणून बोट वेळेवर निघालं. तिने चाकू पुसून ठेवला, कोयती उचलली आणि दोन घावांत काम संपवलं.

शेजारी बसणारी विनीता तिशीतली होती आणि काशीबाईला काकी म्हणायची. तिने चाकू कसा काय म्हणून विचारलं.

“धार बरी आसा,” काशीबाई म्हणाली, “पण तेका कंबर नाय.”

तरी एका दिवसात निकाल द्यायची तिची रीत नव्हती. मंगळवारी तिने छोट्या पात्याने बांगडे साफ करून पाहिले. पोट चिरायला ते पातं छान चाललं. पण संध्याकाळी धुवायला बसली तेव्हा कळलं की अकरा कामांच्या अकरा फटी आहेत आणि प्रत्येक फटीत बांगडा आहे. लिंबू लावलं, राख लावली, कोकमाचं आगळ ओतलं. खवले निघाले, वास राहिला. चाकू कमरेला लावून ती बाजारातून घरी निघायची तेव्हा मागून मांजरं यायला लागली. बुधवारी तीन होती, शुक्रवारी पाच. रस्त्यातले लोक बाजूला होऊन त्या वरातीला वाट द्यायचे. काशीबाई मान ताठ ठेवून पुढे चालायची, जणू मागे कोणीच नाही.

शनिवारी तिने चाकू उकळत्या पाण्यात टाकला, तेव्हा कुठे मांजरांनी तिचा नाद सोडला. पण मुठीचा लाल रंग गुलाबी झाला आणि खाऱ्या हवेने सांध्याला तांब, म्हणजे गंज, धरला. तिने खोबरेल तेलाचा थेंब सोडून सगळी पाती उघडी करून चाकू खिडकीत उन्हाला ठेवला. तेवढ्यात प्रितम काही कामाने मालवणला आला होता, तो डोकावून गेला. खिडकीत उताण्या पडलेल्या खेकड्यासारखा पाय पसरून पडलेला तो गुलाबी चाकू त्याने पाहिला. चहा अर्धाच टाकून तो निघून गेला.

काशीबाईला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून चाकूची कंबर सुधारणार नव्हती. त्या दिवसापासून तिने मासळीला तो लावला नाही. महिना भरेपर्यंत तो कमरेच्या पिशवीतच राहणार होता, म्हणून राहिला.

मग एका दुपारी, गिऱ्हाईक विरळ झालेलं असताना, तिने चष्मा काढला. त्याची एक काडी दोन वर्षं ढिली होती आणि तिने ती दोऱ्याने बांधली होती. एक भिंग भुवईवर आणि दुसरं गालावर, अशा बेताने ती जग बघायची. हाताला काही काम नव्हतं म्हणून तिने शिलेदारातलं स्क्रू पिळायचं पातं उघडून त्या बारीक स्क्रूला लावून बघितलं. ते बरोबर बसलं. चार वेढे दिल्यावर काडी घट्ट झाली. काशीबाईने दोरा तोडून टाकला, चष्मा लावला आणि समोर बघितलं. पलीकडच्या ओळीतली पद्मावती आपल्याकडे बघून हसते असं तिला दोन वर्षं वाटत होतं, आणि ती रोज तिला हसून दाखवायची. आता कळलं की ती बाई उन्हामुळे तोंड वेडंवाकडं करते.

दोन दिवसांनी विनीताच्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा मोडला. शिंगाळ्याचा काटा विषारी, हात खांद्यापर्यंत ठणकतो. बाजारात असं झालं की सुईने टोकरून टोकरून काढायचा आणि त्यात अर्धा तळहात फाटायचा. काशीबाईने सरळ झालेला चष्मा लावला आणि चाकूच्या मुठीतला चिमटा ओढून काढला. विनीता डोळे मिटून सुई कधी लागते याची वाट बघत होती. ती म्हणाली, “काकी, सुरवात कर मगे.” काशीबाईने निघालेला काटा तिच्या डोळ्यांसमोर धरला, आणि तिला घेऊन गरम पाण्यात हात शेकवायला गेली.

त्यानंतर चाकू काशीबाईच्या कमरेला टिकेना. कुणाच्या वहाणेचा खिळा वर आलेला, कुणाच्या छत्रीची तार निसटलेली, कुणाच्या नखात खवला शिरलेला. चाकू कसा आहे असं कुणी विचारेना. चाकू कुठे आहे असं बायका विचारायला लागल्या. वाकड्या आकड्याचा उपयोग मात्र कुणालाच सांगता येईना. विनीताचं म्हणणं, तो कान साफ करायला असेल. काशीबाईने तिला तो प्रयोग करू दिला नाही.

एप्रिलच्या मध्यावर एका शुक्रवारी योगिनी एकटीच एसटीने आली. ती अशी अचानक यायची नाही, म्हणून काशीबाई पाट्या धुवायच्या सोडून आत आली. योगिनी पाणी प्यायली आणि तिने हळूहळू सगळं सांगितलं. प्रितमने कंपनीला दर महिन्याला रिपोर्ट पाठवायचा असतो. विक्री तर काही झाली नव्हती. रिकामा कागद कसा पाठवायचा म्हणून त्याने लिहिलं होतं की मालवण बाजारातल्या प्रसिद्ध मासेविक्रेत्या श्रीमती काशीबाई या महिनाभर शिलेदार वापरत आहेत. ते वाचून मुंबईचे पारेखसाहेब स्वतः यायला निघाले. आंब्याचा हंगाम म्हणून देवगडला बागायतदार आणि पॅकिंगवाल्यांचा मेळावा ठरवला होता. तिथे काशीबाईने शिलेदारने मासा कापायचा, फोटो निघणार, आणि तो फोटो पत्रकावर छापून सगळ्या कोकणपट्टीत वाटणार.

“आये, तेंका आयुष्यात हीच एक लाइन आवडलेली हा,” योगिनी म्हणाली. “तू वायट काय बोलू नको.”

काशीबाईने ओले हात पदराला पुसले. “वायट बोलूचंय नाय. पण खोटा बोल म्हणान माका सांगू नको.”

योगिनीला तेवढ्याने बरं वाटलं. परतीच्या एसटीत अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की आईने नेमकं काय कबूल केलं आणि काय नाही, ते आपल्याला समजलेलंच नाही.

रविवारी सकाळी प्रितम सासूला न्यायला आला. योगिनीला त्याने माहेरी सोडलं, कारण स्कूटरवर तिघं बसली नसती. काशीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मागे आडवी बसली. मांडीवर एक लांबट पुरचुंडी होती. त्यात काय आहे ते प्रितमने कापडाच्या आकारावरूनच ओळखलं. मासा कापायला जायचं आणि कोयती घरी ठेवायची, हे तिच्या हातून झालं नसतं. पन्नास किलोमीटरच्या रस्त्यात तो दोनदा त्याबद्दल बोलायला गेला आणि दोन्ही वेळा रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल बोलला.

मेळावा हरिश्चंद्र नावाच्या एका मोठ्या बागायतदाराच्या पॅकिंग शेडमध्ये होता. भाताच्या पेंढ्याचे ढीग, लाकडी पेट्यांच्या थप्प्या, सगळीकडे हापूसचा वास. साठेक माणसं रिकाम्या पेट्या पालथ्या घालून बसली होती. पुढे टेबल, टेबलावर पांढरं कापड, त्यावर बर्फात एक चार किलोची सुरमई आणि तिच्या शेजारी कोराकरकरीत लाल शिलेदार. पारेखसाहेब एप्रिलच्या त्या उकाड्यात टाय लावून घामाने निथळत होते, पण माणूस हसतमुख होता. मराठी त्यांना चांगलं यायचं. मालवणीची मात्र त्यांची पहिलीच वेळ होती.

काशीबाईने आधी सुरमईचे कल्ले उघडून बघितले आणि मासा ताजा आहे असं मान हलवून सगळ्यांना कळवलं. मग शिलेदारचं छोटं पातं काढून पोट चिरलं. एका रेषेत, कुठेही न फाटता. टाळ्या पडल्या. फोटोवाल्याने दोन फोटो घेतले. आता तुकडे करा मावशी, असं पारेखसाहेब म्हणाले. काशीबाईने शिलेदार मिटून पांढऱ्या कापडावर ठेवला, पुरचुंडी सोडली, कोयती काढली आणि कुणी काही म्हणायच्या आत सहा घावांत सुरमईचे तुकडे करून ओळीने मांडले. फोटोवाल्याने तिसरा फोटो काढला तो कोयतीचा.

आपल्या चाकूने कापायचं होतं, असं पारेखसाहेब तिला हळू आवाजात समजावू लागले. काशीबाई मांडलेले तुकडे सारखे करत राहिली. तिने लेकीला शब्द दिला होता. प्रितम मध्ये पडून म्हणाला की त्या प्रवासाने दमल्या आहेत. पण पारेखसाहेबांनी तोवर माइक उचलला होता.

“मावशी, तुम्ही महिनाभर आपला शिलेदार वापरला. लोकांना सांगा, कसा वाटला?”

माइक काशीबाईच्या तोंडासमोर आला. साठ माणसं तिच्याकडे बघत होती. गप्प राहणंही खोटं बोलल्यासारखंच होईल, असं तिला त्या क्षणी वाटलं. ती एकदा प्रितमकडे बघून बोलायला लागली.

“मासळेक ह्यो चाकू चलाचो नाय,” ती म्हणाली. “काट्यार दाबलास तर मिटता, आणि वास भुतूर ऱ्हवता.”

‘नाय’ माइकच्या खरखरीत बुडालं आणि पारेखसाहेबांना ‘चलाचो’ म्हणजे ‘चालतो’ असं ऐकू आलं. ते आनंदाने हसले आणि त्यांनी प्रितमला हे शुद्ध मराठीत सांगायला लावलं, म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांनाही कळेल. बाहेरून आलेले म्हणजे ते एकटेच होते.

प्रितमने माइक घेतला. घसा साफ केला. “त्या म्हणतात,” तो म्हणाला, “मासळीसाठी हा चाकू जरा... जपून वापरावा.”

सगळी शेड हसली. साठच्या साठ माणसांना दोन्ही भाषा येत होत्या. लोक खूश आहेत हे बघून पारेखसाहेब आणखी खूश झाले आणि पुढे बोला म्हणाले. प्रितमचे कान लाल झाले होते.

काशीबाई सांगत गेली. चष्म्याचा स्क्रू या चाकूने बसतो. रुतलेला काटा काढायला असला चिमटा तिने आजवर बघितला नाही. बारीक पात्याने आंबा कापला तर रस वाया जात नाही. वहाण, छत्री, बाटली, झाकण. तिच्या गावच्या बाजारात हा चाकू दिवसभर या हातातून त्या हातात फिरतो आणि संध्याकाळी शोधावा लागतो. प्रितम एकेक वाक्य शुद्ध मराठीत सांगत होता, आणि आता त्याला कुठलंच वाक्य वाकवावं लागत नव्हतं. त्याचा आवाज मोकळा झाला. सासूने या महिनाभरात एवढं सगळं बघून ठेवलं होतं हे त्यालाही नव्यानेच कळत होतं.

तेवढ्यात मागून हरिश्चंद्र उठला. त्याने साहेबांना नाही, प्रितमलाही नाही, थेट काशीबाईला विचारलं, “मगे काशीबाय, घेवचो काय नाय ता सांग.”

“मासळीवालीन घेव नये,” काशीबाई म्हणाली. “बागवाल्यान एक घेवन बघूचो.”

पारेखसाहेबांनी प्रितमकडे बघितलं. प्रितमच्या हातात माइक होता. इथे पुन्हा काहीतरी गोलमाल बोलता आलं असतं, आणि लोक पुन्हा हसले असते. त्याने सासूकडे पाहिलं. ती कोयतीचं पातं पुसत होती आणि तो काय बोलतो ते ऐकत होती.

“त्या म्हणतात,” प्रितम म्हणाला, “मासे विकणाऱ्यांनी हा चाकू घेऊ नये. बागायतदारांनी एकेक घेऊन बघावा. आणि साहेब, मला वाटतं ते बरोबर आहे.”

पारेखसाहेबांचं हसू होतं तिथेच राहिलं, पण डोळे हसायचे थांबले.

तेव्हा लवू नावाचा एक पॅकिंगवाला पुढे आला. हंगामभर पेट्यांना सुतळी आवळून त्याच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. त्याने न विचारता टेबलावरचा शिलेदार उचलला, सगळी पाती उघडली आणि त्या वाकड्या आकड्यावर थांबला. शेजारची भरलेली पेटी ओढली, तिच्या सुतळीखाली आकडा अडकवला आणि लाल मूठ धरून वर खेचलं. सुतळी घट्ट आवळली गेली. मग त्याच आकड्याने त्याने ती अख्खी पेटी उचलून शेडभर फिरवून आणली. सुतळी त्याच्या बोटांना लागली नाही.

“ह्यो पेटी उचलूचो आकडो आसा,” लवू म्हणाला. “कितके आणल्यात?”

अकराव्या कामाचा उलगडा झाला तो असा. पारेखसाहेबांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं. प्रितमने आणलेले दोन्ही खोके तासाभरात तिथेच संपले आणि हरिश्चंद्राने आपल्या गड्यांसाठी आणखी सांगून ठेवले. निघताना पारेखसाहेबांनी प्रितमला बाजूला घेऊन विचारलं की मावशी सुरुवातीला नेमकं काय म्हणाल्या होत्या. प्रितमने ते या वेळी काही न वगळता सांगितलं. साहेबांनी टाय सैल केला.

“मग मालवणात आपण विकायचाच नाही का?”

“मासळी बाजारात नको साहेब. बाकी जिल्ह्यात सगळीकडे बागा आहेत, काजूचे कारखाने आहेत. तिकडे जातो.”

साहेब थोडा विचार करून बरं म्हणाले. पुढच्या महिन्यात रत्नागिरीला असाच मेळावा होता. तिथे सासूबाईंना आणायची गरज नाही, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. पावसाळ्यानंतर पत्रक छापून आलं. त्यावर आंब्याची पेटी होती, आकडा होता आणि लवूचा हात होता. त्या वर्षी प्रितमने कुडाळपासून देवगडपर्यंत इतके चाकू विकले की स्कूटरचं टायर बदलावं लागलं.

पण त्या रविवारी संध्याकाळी यातलं काही अजून व्हायचं होतं. प्रितम स्कूटर चालवत होता आणि सहा वर्षांत बोलला नव्हता एवढं बोलत होता. काशीबाई मागे आडवी बसून हुंकार देत होती. मिठबावच्या उतारावर त्याने अचानक विचारलं की तुम्ही बाजारात पहिल्यांदा बसलात तेव्हा किती वर्षांच्या होता. चोवीस, ती म्हणाली. पहिल्या दिवशी काय विकलंत, असं त्याने विचारलं. काही नाही, ती म्हणाली, लाज वाटून पाटी झाकूनच बसले होते, शेवटी शेजारणीने माझे मासे तिच्या पाटीत घालून विकून दिले. प्रितम इतका हसला की स्कूटर हलली. सासू कधी लाजली असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आचऱ्याच्या तिठ्यावर एक बाई संध्याकाळची मासळी घेऊन बसली होती. प्रितमने स्कूटर थांबवली. आज रात्रीचे मासे मी घेणार, तुम्ही उतरू नका, असं तो म्हणाला. काशीबाईसमोर मासे विकत घ्यायची हिंमत आजवर त्या घरातल्या कुणी केली नव्हती. तो पाटीपुढे उकिडवा बसला, एक बांगडा उचलून त्याने शेपटीकडे दाबून बघितला, जाणकारासारखी मान हलवली आणि बारा निवडले.

काशीबाईला स्कूटरवरूनच दिसलं. चष्मा सरळ होता. बांगड्यांचे डोळे आत गेलेले, कडा लालसर, कालचे होते. मासळीवालीने मान वर केली आणि मागे बसलेली बाई कोण आहे हे तिने ओळखलं. तिचा हात पिशवीत अर्धवट थांबला, चेहरा पडला. काशीबाईने तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली. राहू दे. बाईने भराभर बारा बांगडे पिशवीत भरले आणि वर दोन आणखी घातले.

दोन फुकट मिळाले, असं प्रितमने स्कूटर सुरू करताना अभिमानाने सांगितलं.

घरी योगिनी दारातच उभी होती. काय झालं ते नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पिशवी उघडल्यावर मात्र तिने वास घेतला आणि आईकडे बघितलं. काशीबाईने पिशवी तिच्या हातातून घेतली. तिरफळं नेहमीच्या दुप्पट ठेचली, कोकमं मूठभर घातली, लाल मिरचीला हात सैल सोडला आणि बांगड्यांचं तिखलं चुलीवर चढवलं.

दिवेलागणीला तिघं जेवायला बसली. प्रितम आज आखडून बसला नव्हता, मांडी घालून ऐसपैस बसला होता. त्याने पहिला घास खाल्ला. मग दुसरा घेण्याआधी थांबून त्याने विचारलं, “आई, बांगडे कशे आसत?”

योगिनी ताटाकडे बघत राहिली. काशीबाईने घास चावला, गिळला.

“बरे आसत,” ती म्हणाली.

प्रितमचं तोंड उजळलं. आता दर रविवारी मासे मीच आणीन, असं त्याने जाहीर केलं. काशीबाईने ताटातला काटा कडेला सारला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.